‘८ अँगस्ट्रॉम मोजा आणि मोकळे व्हा’ या संदेशाला उत्तर

ठाण्यापासून बेलापूरपर्यंतच्या कॉलेजांत बायोटेक आणि बायोइन्फर्मॅटिक्स शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर, एमएस्सीच्या प्रोजेक्टचे विषय ठरायच्या सुमारास एक संदेश हटकून फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रोग्रामने प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करण्याचा प्रश्न कायमचा सोडवला आहे. फाइल डाउनलोड करा, पायथनच्या चार ओळी लिहा, ८ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आतल्या अमिनो आम्लांच्या जोड्या काढा, झाला कॉन्टॅक्ट मॅप, म्हणजे जवळ आलेल्या जोड्यांचा तक्ता. कॉन्टॅक्ट जितके जास्त तितकं प्रथिन भक्कम, आणि ज्या रेसिड्यूचे (साखळीतल्या अमिनो आम्लाचे) कॉन्टॅक्ट जास्त तो महत्त्वाचा. बाकी सगळं जुनं झालं, त्यात वर्ष घालवू नका.

मी याच पट्ट्यात हा विषय शिकवते. इथली मुलं पुढे खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन केंद्रात जाऊ पाहतात, महापे-रबाळेच्या औषध कंपन्यांत मुलाखती देतात. तिथे हा संदेश पाठ करून गेलेल्या मुलाला दुसऱ्याच प्रश्नाला गप्प बसावं लागेल. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘प्रश्न सुटला’ हे अर्ध्याहून अधिक खरं आहे, ते आधी मान्य करते. २०२० च्या कॅस्प या रचना-भाकितांच्या स्पर्धेत अल्फाफोल्डच्या दुसऱ्या आवृत्तीने जे करून दाखवलं ते अभूतपूर्व होतं, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अल्फाफोल्ड घडवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांचा वाटा रास्तच होता. १९७१ साली प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या रचनांचा संग्रह सुरू झाला तेव्हा त्यात ७ रचना होत्या. प्रयोगातून मिळालेल्या रचनांनी २ लाखांचा टप्पा ओलांडायला २०२३ उजाडलं. अल्फाफोल्डच्या डेटाबेसमध्ये मात्र २०२२ मध्येच २० कोटींहून अधिक भाकितं जमा झाली होती. या कामाचं मोल कमी करायचा माझा अजिबात हेतू नाही.

पण ‘बाकी सगळं जुनं झालं’ म्हणणाऱ्याला अल्फाफोल्ड कशावर उभं आहे हेच माहीत नाही. एकमेकांना टेकलेल्या दोन रेसिड्यूंपैकी एक उत्क्रांतीत बदलला, तर दुसऱ्यालाही पुष्कळदा जुळवून घ्यावं लागतं. एकच प्रथिन हजारो जीवांत कसं दिसतं ते ओळीखाली ओळ मांडून पाहिलं, तर असे जोडीने बदलणारे स्तंभ सापडतात. अडचण अशी होती, की अ ला ब टेकलेला आणि ब ला क टेकलेला असेल, तर अ आणि क सुद्धा जोडीने बदलताना दिसतात, प्रत्यक्षात ते एकमेकांपासून लांब असले तरी. २०१० च्या आसपास हे थेट आणि आडून आलेले संबंध वेगळे करण्याच्या सांख्यिकी पद्धती आल्या, आणि नुसत्या क्रमावरून कॉन्टॅक्ट सांगता येऊ लागले. अल्फाफोल्डची पहिली आवृत्ती रेसिड्यूंच्या जोड्यांमधल्या अंतरांचं भाकीत करूनच रचना बांधायची. दुसरी आवृत्तीही क्रमांची तीच मांडणी वाचते. ज्या अभ्यासावर हे सगळं रचलं गेलं, त्यालाच संदेश निकालात काढतो.

आता ८ अँगस्ट्रॉम. हा आकडा २०२० पर्यंत कॅस्पमध्ये कॉन्टॅक्टच्या भाकितांना गुण देताना वापरला जायचा: दोन रेसिड्यूंच्या बीटा कार्बनमधलं (रेसिड्यूच्या बाजूला निघणाऱ्या फांदीचा, म्हणजे बाजूसाखळीचा, पहिला कार्बन) अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी, तर कॉन्टॅक्ट. ग्लायसिन या अमिनो आम्लाला बीटा कार्बनच नसतो, तिथे मुख्य साखळीतला अल्फा कार्बन घ्यायचा. सगळ्यांना एकाच पट्टीने मोजता यावं म्हणून ठरवलेली ही सोय आहे. दोन रेसिड्यू एकमेकांशी काय करत आहेत, हे ती सांगत नाही. वाशीच्या एखाद्या सेक्टरमधल्या दोन इमारती हाकेच्या अंतरावर असतात, पण एकीचं दार रस्त्याकडे आणि दुसरीचं मागच्या गल्लीत. नकाशावरचं अंतर पाहून शेजार ठरवता येत नाही. बीटा कार्बन ७ अँगस्ट्रॉमवर असलेल्या दोन रेसिड्यूंच्या बाजूसाखळ्या विरुद्ध दिशांना वळलेल्या असू शकतात. उलट आर्जिनिनची बाजूसाखळी लांब असते. तिचं टोक ॲस्पार्टेटच्या ऑक्सिजनशी क्षारसेतू (विरुद्ध विद्युतभारांमधला बंध) बांधून असतं, आणि दोघांचे बीटा कार्बन मात्र ८ च्या बाहेर राहू शकतात. म्हणजे प्रथिनातला एक खराखुरा बंध मॅपवरून गायब.

म्हणून प्रश्नानुसार पट्टी बदलावी लागते. हायड्रोजन बंध शोधायचा तर देणारा आणि घेणारा अणू यांच्यात साधारण ३ ते ३.५ अँगस्ट्रॉम, आणि सोबत कोनही तपासायचा. क्षारसेतूसाठी नायट्रोजन आणि ऑक्सिजन ४ च्या आत. डायसल्फाइड बंधात दोन गंधक जेमतेम २ अँगस्ट्रॉमवर. साखळीतले लगतचे अल्फा कार्बन तर ३.८ वर असणारच, ते मोजून काही कळत नाही. कॅस्पमध्येही क्रमात निदान ६ जागा लांब असलेल्या जोड्याच धरायचे, आणि खरा कस लागायचा तो २४ किंवा त्याहून जास्त जागा लांब असलेल्या जोड्यांवर, कारण साखळी कशी घडी पडली ते तिथेच उघड होतं.

‘कॉन्टॅक्ट जास्त तो रेसिड्यू महत्त्वाचा’ या वाक्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. गाभ्यात दडलेल्या रेसिड्यूंचे कॉन्टॅक्ट जास्त असतात आणि त्यातले बरेच खरोखर महत्त्वाचे असतात, इथपर्यंत ठीक. पण नंदुरबार, पालघर, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांतली कुटुंबं ज्या सिकलसेलने पिढ्यान्‌पिढ्या पोळली आहेत, तो आजार या नियमाच्या नेमका बाहेर बसतो. बीटा ग्लोबिनमधला, म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतला, सहावा रेसिड्यू ग्लुटामेट. तो रेणूच्या पृष्ठभागावर असतो, मोजायला गेलं तर त्याचे कॉन्टॅक्ट थोडे. सिकलसेलमध्ये त्याच्या जागी व्हॅलिन येतं, हे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवलं. एकट्या रेणूचा कॉन्टॅक्ट मॅप आधी आणि नंतर शेजारी ठेवला तर फरक जवळजवळ दिसतच नाही. घात होतो तो बाहेर: ते व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूच्या बीटा साखळीतल्या ८५ व्या फेनिलॲलनिन आणि ८८ व्या ल्युसिनच्या खोबणीत जाऊन बसतं. रेणूला रेणू अडकत जातो, लांब तंतू बनतात, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. जो कॉन्टॅक्ट रुग्णाच्या वेदनेला कारणीभूत आहे, तो एकाच साखळीच्या मॅपवर नाहीच. आणि अल्फाफोल्डला बदललेला क्रम दिला तर? एका रेसिड्यूच्या बदलाचे परिणाम सांगण्यासाठी आपलं साधन पारखलेलं नाही, हे डेटाबेसच्या कर्त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. ती खोबण प्राणवायू सुटलेल्या हिमोग्लोबिनमध्येच व्हॅलिनला सामावून घेते. प्राणवायू धरलेल्या अवस्थेत रेणूचा आकार बदलतो आणि कॉन्टॅक्टही बदलतात. बीटा साखळीच्या अगदी शेवटी, १४६ व्या जागी, हिस्टिडिन आहे. प्राणवायू नसताना त्याचा त्याच साखळीतल्या ९४ व्या ॲस्पार्टेटशी क्षारसेतू असतो. प्राणवायू बसला की तो तुटतो. असे क्षारसेतू जुळतात आणि तुटतात म्हणूनच हिमोग्लोबिन फुप्फुसात प्राणवायू घेतं आणि स्नायूंत सोडतं, ही मांडणी मॅक्स पेरुट्झ यांनी १९७० मध्ये केली. ‘हिमोग्लोबिनचा कॉन्टॅक्ट मॅप’ असं म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या अवस्थेतला?

‘कॉन्टॅक्ट जास्त तितकं भक्कम’ हेही इथेच संपतं. भक्कम असणं प्रत्येक वेळी हिताचं नसतं. इन्सुलिन घ्या. ते साठवणीत जोडी-जोडीने आणि पुढे सहा-सहाच्या गटाने चिकटून असतं, आणि टोचल्यावर रक्तात शिरायला आधी सुटं व्हावं लागतं. बी साखळीतल्या २८ व्या जागेचं प्रोलिन आणि २९ व्या जागेचं लायसिन यांची अदलाबदल केली की जोडीतले कॉन्टॅक्ट सैल होतात, गट लवकर फुटतो आणि औषध जेवणाच्या वेळेला लागू पडतं. हेच इन्सुलिन लिस्प्रो, १९९६ पासून बाजारात आहे. कॉन्टॅक्ट कमी करून मिळालेलं यश आहे हे.

फाइलवर आंधळा विश्वास ठेवू नका, हे थोडक्यात सांगते. क्ष-किरणांनी काढलेल्या रचनेत स्फटिकातले शेजारी रेणूही एकमेकांना टेकतात; ते कॉन्टॅक्ट पेशीत असतीलच असं नाही. याउलट फाइलमध्ये कधी अर्धंच हिमोग्लोबिन असतं, पूर्ण जैविक जुळणी वेगळी मागवावी लागते. नेहमीच्या रिझोल्यूशनला (बारकाव्याला) हायड्रोजन दिसत नाहीत, आणि ॲस्परॅजिन किंवा ग्लुटामिनच्या टोकाचा ऑक्सिजन कुठला, नायट्रोजन कुठला हे उलटसुलट नोंदलेलं असू शकतं. मग हायड्रोजन बंध देणारा आणि घेणाराच बदलतो. अल्फाफोल्डच्या फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या रकान्यात भरवशाचे गुण भरलेले असतात. प्रयोगाच्या रचनेत तिथला मोठा आकडा म्हणजे अणू जास्त हलता. अल्फाफोल्डमध्ये मोठा आकडा म्हणजे भाकीत जास्त खात्रीचं. ५० गुणांच्या खालच्या तुकड्याला बहुधा ठरलेला आकारच नसतो, तिथले कॉन्टॅक्ट मोजून निष्कर्ष काढायचे नाहीत.

त्यामुळे प्रोजेक्ट करायचा असेल तर जरूर करा, पण मॅपखाली हे लिहा: रचना प्रयोगातली की भाकितातली, कोणत्या अवस्थेतली, एक साखळी की पूर्ण जुळणी, कोणत्या अणूंमधलं अंतर, किती आणि का, क्रमातल्या किती जवळच्या जोड्या वगळल्या. आणि रेसिड्यूचे क्रमांक कुठून घेतले तेही. सिकलसेलचं ते ग्लुटामेट जुन्या लेखांत ६ वं आहे, तर आजच्या जनुकीय नोंदींत ७ वं, कारण तिथे सुरुवातीचं मिथिओनिनही मोजतात. हे न तपासता जुन्या क्रमांकांच्या फाइलवर ७ वा रेसिड्यू मागणारी स्क्रिप्ट चालवली, तर शेजारच्याच दुसऱ्या ग्लुटामेटचे कॉन्टॅक्ट हातात येतात, आणि तोही ग्लुटामेटच असल्यामुळे चूक झाल्याचं कळतही नाही.