वस्तीवरच्या घरासाठी बंदूक: दुनळी की रिव्हॉल्व्हर?

गावठाणापासून दूर, मळ्यात घर बांधून राहणाऱ्या कुटुंबाने संरक्षणासाठी परवान्याचे शस्त्र घ्यायचे ठरवले तर ते कोणते असावे, यावर नारायणगावच्या आमच्या कट्ट्यावर चांगलाच वाद झाला. तो लिहून काढावा असे वाटले, कारण या विचारात असलेल्या माणसाला बहुधा शस्त्राच्या दुकानदाराचाच सल्ला मिळतो आणि घरातल्या माणसांविषयी त्याला कोणी काही विचारत नाही.

ज्याच्यामुळे विषय निघाला तो आमचा मित्र दादा बागायतदार आहे. त्याची वस्ती गावापासून आत आहे, शेजारचे घर उसाच्या पलीकडे आहे, आणि घरात पत्नी, वृद्ध आई व शाळेत जाणारी दोन मुले आहेत. परिसरात वस्त्यांवर चोरीचे प्रकार कानावर येऊ लागल्यापासून त्याने बत्तीस बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) रिव्हॉल्व्हर घ्यायचे मनाशी जवळजवळ नक्की केले होते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 साली बाजारात आणलेले ‘निर्भीक’ त्याच्या डोळ्यांसमोर होते. ते साधारण पाचशे ग्रॅम वजनाचे आहे, त्यात सहा गोळ्या बसतात आणि ते कमरेला सहज राहते.

त्यावर सैन्यात राहिलेला आमचा दुसरा मित्र, ज्याला आम्ही फौजी म्हणतो, म्हणाला, “दादा, कमरेला राहते म्हणून तू ते घेतो आहेस, पण तुला राखायचे आहे घर. आखूड नळीच्या शस्त्राने नेम धरणे हे सगळ्यांत अवघड काम आहे. आम्ही सैन्यात वर्षानुवर्षे सराव केला, तरी पिस्तुलाचा नेम चुकणारे चांगले जवान मी पाहिले आहेत. झोपेतून उठलेला, हात थरथरणारा माणूस अंधारात काय नेम धरणार?” त्याचे मत छर्रे झाडणाऱ्या बारा बोअरच्या बंदुकीकडे होते. लांब नळी, खांद्याला टेकणारा दस्ता आणि दोन्ही हातांची पकड यांमुळे नवख्याचाही नेम बराच स्थिर राहतो, आणि बत्तीस बोअरच्या गोळीपेक्षा जवळच्या अंतरावर तिचा आघात कितीतरी मोठा असतो, हे त्याने शांतपणे समजावून सांगितले. मला ते पटले. रिव्हॉल्व्हरच्या बाजूने एकच मुद्दा मला वजनदार वाटला, तो म्हणजे एक हात मोकळा राहतो आणि त्या हाताने दार उघडता येते, मुलाला धरता येते किंवा फोन लावता येतो.

बारा बोअरविषयी एक गैरसमज मात्र अण्णांनी लगेच दूर केला. अण्णा पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, “छर्रे पसरतात, म्हणून नेम धरावा लागत नाही, असे गावात प्रत्येक जण सांगतो. खोलीच्या अंतरात ते वीतभरसुद्धा पसरत नाहीत. नेम धरावाच लागतो.” दुसरी गोष्ट भिंतींची. विटांच्या भिंतीत छर्रे अडतात, पण आपल्याकडच्या वस्तीवर मूळ घराला लागून पत्र्याची पडवी किंवा गोठ्याची शेड असते, आणि एल. जी. किंवा एस. जी.सारख्या मोठ्या छर्ऱ्यांना पत्रा अडवू शकत नाही. पत्र्याच्या पलीकडे सालगड्याचे कुटुंब झोपलेले असेल तर काडतूस कोणत्या नंबरचे, म्हणजे किती मोठ्या छर्ऱ्यांचे घ्यायचे, हा प्रश्न बंदुकीच्या निवडीइतकाच महत्त्वाचा होतो. बारीक छर्ऱ्यांचे काडतूस खोलीच्या अंतरात पुरेसे घातक असते आणि आडोशांतून आरपार जाण्याचा त्याचा धोका कमी असतो, तरी पत्र्याच्या दिशेने ते निर्धोक आहे असे कोणी समजू नये.

फौजीने पंप अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून पुढचे काडतूस भरायच्या बंदुकीचेही नाव घेतले, कारण तिच्यात दोनपेक्षा अधिक काडतुसे राहतात. अण्णांना ते मान्य नव्हते. घाईत हिसका अर्धवट बसला की काडतूस अडकते, आणि नवख्याच्या हातून हेच होते, असे त्यांचे म्हणणे होते. दुनळीचा, म्हणजे दोन नळ्यांच्या बारा बोअरचा मोठा गुण असा की ती मोडून उघडली की आत काडतूस आहे की नाही, हे डोळ्यांना दिसते. ज्या घरात मुले आहेत, त्या घरासाठी मला हा गुण इतर सगळ्या गुणांहून मोठा वाटतो.

इथे वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली, आणि ती अनेकांना नवी होती. शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 13मध्ये, किमान वीस इंच लांबीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी (बारा बोअर याच प्रकारातली) संरक्षण किंवा खेळ या कारणास्तव केलेला अर्ज आणि रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी केलेला अर्ज यांना वेगवेगळे निकष लावले आहेत. पहिल्या प्रकारात अर्जदार अपात्र नसेल तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र सबळ कारण आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचाही त्याच कलमात उल्लेख आहे. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, म्हणून त्याचा विचार सामान्य माणसाने सोडून द्यावा. 2019च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. “आणि कोणी गावठी पिस्तुलाचा विचार मनात आणत असेल,” वकीलसाहेब म्हणाले, “तर विनापरवाना शस्त्र जवळ बाळगणे हाच तुरुंगवासाचा गुन्हा आहे. चोर सुटेल आणि तुम्ही आत जाल.”

मग त्यांनी दादाला एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर तो लगेच देऊ शकला नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापणारा माणूस रात्री दिसला, तर तू काय करशील? भारतीय न्याय संहितेच्या कलम 41नुसार, जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा मृत्यूची अथवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशा परिस्थितीतली चोरी व गृह-अतिक्रमण, अशाच गंभीर प्रसंगी मालमत्तेच्या बचावाचा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. केबल चोरून पळणाऱ्यावर गोळी झाडणे त्यात बसत नाही. शिवाय कलम 37 सांगते की, बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. हे वाचून पाठ करण्याची गोष्ट नव्हे. ज्याच्या घरात बंदूक येणार आहे त्याने ती आधीच मनाशी इतकी पक्की करावी की अंगणात सावली दिसताच पाय बाहेर न पडता घराच्या आत राहतील.

आमच्यातल्या डॉक्टरांचा मात्र घरात बंदूक आणण्यालाच विरोध होता, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. 1993 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन काउंटींमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये) राहत्या घरी झालेल्या खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंदूक ठेवणाऱ्या घरांत असा खून होण्याची शक्यता 2.7 पट आढळली, आणि हा वाढीव धोका जवळजवळ सगळा कुटुंबातल्या किंवा निकटच्या परिचयातल्या माणसाकडून होता. वकीलसाहेबांनी आक्षेप घेतला की, आधीच धोक्यात असलेली माणसेच बंदूक घेत असतील, त्यामुळे बंदूक हे कारण ठरत नाही. शिवाय तिकडची शस्त्र बाळगण्याची पद्धत आणि आपली परवाना पद्धत यांत फार अंतर आहे. डॉक्टरांनी आक्षेपाचा पहिला भाग मान्य केला, पण पुढे विचारले, “दादा, कर्जाच्या, भांडणाच्या किंवा दारूच्या एखाद्या वाईट रात्री ती बंदूक हाताशी असेल, याचा विचार तू केला आहेस का?” शेतकरी कुटुंबांवर जे आघात आपण आपल्याच तालुक्यात पाहिले आहेत ते लक्षात घेता, हा प्रश्न टाळून या विषयावर बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

दादाने आणखी एक अडचण स्वतःच पुढे आणली. तो टोमॅटो घेऊन पहाटे बाजाराला जातो आणि त्या वेळी घरी पत्नी, आई आणि मुले असतात. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, घराच्या नावाने नसतो. ज्या वेळी घराला सर्वाधिक धोका, त्याच वेळी परवानाधारक घराबाहेर, अशी ही स्थिती आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघाला, तर ते काही आठवडे घरात नसणारच. यावर अण्णांनी सुचवले की, पत्नीने स्वतःच्या नावाने अर्ज करावा आणि शस्त्र चालवण्याचे प्रशिक्षणही तिनेच घ्यावे. कट्ट्यावर क्षणभर कोणी बोलले नाही, पण मला हा त्या संध्याकाळचा सर्वांत व्यवहार्य सल्ला वाटला.

शस्त्राआधी करायच्या गोष्टींवर फारसा वाद झाला नाही. आतून बंद होणारे लोखंडी जाळीचे दार, अंगणात चारही बाजूंना दिवे, मोकळे सोडलेले कुत्रे, 112 क्रमांक आईलाही लावता येणे आणि शेजारच्या वस्त्यांशी फोनची साखळी, हे सगळे अर्ज मंजूर होण्याच्या कितीतरी आधी करता येते.

वाद शेवटी काडतुसांवर येऊन थांबला. फौजीचे म्हणणे होते की, बंदूक कुलपात आणि काडतुसे त्याच खोलीत हाताशी असावीत, नाहीतर ऐन वेळी तिचा उपयोग शून्य. अण्णा म्हणाले की, मुलांच्या घरात बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत असावीत, किल्ल्या अंगावर असाव्यात, आणि त्यासाठी अर्धे मिनिट जास्त लागले तरी जाळीचे दार तेवढा वेळ मिळवून देईल. मी अण्णांच्या बाजूचा आहे. दादा दुनळीसाठी अर्ज करणार आहे. मात्र अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे त्याने अजून घरी विचारलेले नाही.