२५२० ही संख्या विलक्षण आहे, पण सांगितली जाते त्या कारणांसाठी नव्हे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यांत पालक-शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हापुन्हा येतो. १ ते १० पर्यंतच्या सर्व अंकांनी भाग जाणारी संख्या अशक्य मानली जात होती. रामानुजन यांनी २५२० ही ती एकमेव संख्या शोधली. आणि तिचे रहस्य ७ वार × ३० दिवस × १२ महिने या हिंदू कालगणनेत आहे, असा त्याचा आशय.

अशी संख्या अशक्य कधीच नव्हती. १ ते १० यांचा नुसता गुणाकार केला तरी ३६,२८,८०० मिळतात आणि त्यांना या दहाही संख्यांनी भाग जातो. प्रश्न उरतो तो लहानात लहान संख्येचा, म्हणजे शाळेतल्या लसाविचा. कपाशीत दर सहाव्या तासाला, म्हणजे ओळीला, तूर आणि दर आठव्या तासाला अंबाडी धरली, तर दोन्हींची जागा अठ्ठेचाळिसाव्या नव्हे, चोविसाव्याच तासावर एक येते, कारण ६ आणि ८ यांत २ हा अवयव सामाईक आहे. तसेच येथेही सामाईक अवयव एकदाच धरले, की ८, ९, ५ आणि ७ एवढेच घटक पुरतात आणि त्यांचा गुणाकार २५२० होतो.

ती एकमेवही नाही. ५०४०, ७५६०, १००८० असा तिचा प्रत्येक पटीतला आकडा त्याच गुणाचा आहे. १ ते २० साठीची लहानात लहान संख्या हवी असेल, तर तीही आहे: २३,२७,९२,५६०.

कालगणनेचा मुद्दा अधिक बारकाईने पाहावा लागेल, कारण ७ × ३० × १२ हा गुणाकार खरोखरच २५२० येतो. मात्र चांद्रमासात तिथी ३० असल्या तरी दिवस सरासरी २९.५३ असतात आणि वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे भरते. सौर वर्षाशी पडणारा हा फरक भरून काढण्यासाठीच आपल्याकडे धोंड्याचा महिना येतो. त्या वर्षी महिने १३ होतात आणि ७ × ३० × १३ म्हणजे २७३० येतात, ज्यांना ४, ८ आणि ९ यांनी भाग जात नाही. रहस्य पंचांगात असते, तर ते अधिक मासात नाहीसे झाले नसते. ७, ३० आणि १२ यांच्या अवयवांत २³, ३², ५ आणि ७ नेमके सापडतात, एवढाच हा योग आहे.

लसाविचा विचार युक्लिडच्या ग्रंथात इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास येतो. आपल्याकडे नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त अपूर्णांकांच्या बेरजेसाठी तो 'निरुद्ध' या नावाने वापरला. म्हणून या शोधाचे श्रेय रामानुजन यांना देणे चूक आहे, आणि त्यात त्यांचे खरे काम झाकले जाते याचे मला अधिक वाईट वाटते. १९१५ च्या आपल्या दीर्घ निबंधात त्यांनी अशा संख्यांचा अभ्यास केला, ज्यांच्याहून लहान असलेल्या कोणत्याही संख्येला तितके विभाजक नसतात. २५२० ही त्यांतलीच एक आहे: तिला ४८ विभाजक आहेत, आणि तिच्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके नाहीत.