थर्मोस्टॅट त्या पंगतीत नको
स्वतः जुळवून घेणाऱ्या, म्हणजे ‘अ‍ॅडाप्टिव्ह’ (अनुकूली) यंत्रणांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात एसीचा थर्मोस्टॅट आणि दुर्बिणीचा लवचिक आरसा एकाच पंगतीला बसवलेत, ते पटलं नाही. थर्मोस्टॅटचा नियम कायम तोच: ठरलेल्या तापमानाला चालू-बंद. नियंत्रणशास्त्रात अनुकूली म्हणजे तो नियमच चालता चालता बदलायला हवा. गंमत म्हणजे या कसोटीवर आरसाही काठावरच पास होतो! हवेच्या थरथरीनुसार तो सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलतो खरा (कल्पना खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांची, १९५३ची), पण बदलाचं गणित बऱ्याचदा ठरलेलंच असतं. त्यापेक्षा विड्रो आणि हॉफ यांची १९६०ची एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर्स, चूक कमीत कमी करत नेणारी) पद्धत घ्या. फोनवर आपलाच आवाज परत येऊ नये म्हणून ती फिल्टरचे (आवाजातून प्रतिध्वनी वजा करणाऱ्या गणिताचे) गुणांक उरलेल्या चुकीच्या प्रमाणात, आवाजाच्या प्रत्येक नमुन्यागणिक थोडे थोडे सरकवते. खोली बदलली की गुणांकही बदलले.

धोक्याबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही. एक्स-१५ या रॉकेट-विमानात असंच स्वतः जुळवून घेणारं नियंत्रण होतं. १५ नोव्हेंबर १९६७ला विमान गिरकीतून बाहेर आलं, पण त्या प्रणालीने आपली तीव्रता (चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं ते) वेळेत कमी केलीच नाही. हेलकावे वाढत जाऊन विमान हवेतच मोडलं, वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स त्यात गेले.