उपवास धरला, पण देणं फेडलं का?

राखेचा बुधवार झाला, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ (लेंट) सुरू झाला, की आमच्या सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांत एकमेकांना हमखास विचारतात, "यंदा काय सोडलं?" कुणी मटण सोडतं, कुणी चहा, पोरं मोबाईलवरचे रील्स सोडतात. चाळीस दिवस शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर काढणारी माणसं मंडळीत आहेत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. (कॅलेंडरवर मोजाल तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतात. रविवार पुनरुत्थानाचा, म्हणून तो उपवासात धरत नाहीत.)

पण "कुणाचं काही परत केलं का?" असं कुणी विचारत नाही. मला वाटतं, पश्चात्तापाची खरी परीक्षा तिथंच आहे.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, 19व्या अध्यायातला जक्कय बघा. यरीहोचा मुख्य जकातदार, गडगंज श्रीमंत, उंचीनं कमी म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. तो रडला, उपाशी राहिला, असं तिथं काही लिहिलेलं नाही. येशू घरी येतोय म्हटल्यावर तो थेट हिशेबावरच आला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. त्यानंतर येशू म्हणाला की आज या घराला तारण मिळालं. यशया 58 मध्ये तर संदेष्टा उपवास करणाऱ्यांनाच धारेवर धरतो. उपवासाच्या दिवशीही मजुरांना राबवून घेता, मग देवानं तुमचं का ऐकावं?

मजूर म्हटलं की सोलापुरात लांब जावं लागत नाही. तेंदूची पानं भिजवून, कापून, तंबाखू भरून हजाराच्या हिशेबानं विड्या वळणाऱ्या बाया आहेत. यंत्रमागावर रात्रपाळी करणारे आहेत. "आपण कुठं कारखानदार?" असं कुणी म्हणेल. ठीक. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचे खाडे कोण कापतं? घर बांधून झाल्यावर गवंड्याचे शेवटचे पैसे कोण लांबवतं? बहिणीची सही घेऊन वडिलांच्या घराचा वाटा गिळलेले भाऊ प्रभुभोजनाला पुढच्या बाकावर बसतात, त्यांचं काय? अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे मत्तय 5 मध्ये स्पष्ट सांगितलंय.

लेंटमध्ये आमच्याकडे संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा असतात. मागे एका सभेत साक्षीची, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली, तेव्हा एक म्हाताऱ्या मावशी उठल्या. रुमालाची पुरचुंडी सोडली, घडी घालून घालून मऊ झालेल्या नोटा काढल्या आणि शेजारणीच्या हातात ठेवल्या. शेजारीण तेलुगू बोलणारी, पद्मशाली या विणकर समाजातली. सभेला खुर्च्या द्यायला म्हणून आली होती. मावशींच्या आजारपणात तिनं औषधाला पैसे दिले होते आणि कधी मागितले नव्हते. ती "असू द्या हो, असू द्या" म्हणत राहिली. मावशी म्हणाल्या, "घे बाई, मग मला प्रार्थना करू दे." माझ्या लेखी त्या संध्याकाळचा उपदेश तोच होता. मावशींचं देणं चारशे-पाचशेचं असेल. लाखांचं देणं असलेले आम्ही बाकीचे सतरंजीवर मान खाली घालून बसलो होतो.

म्हणून पाळकसाहेबांना आणि सभा घेणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. यंदा "काय सोडलं" याच्या साक्षी थोड्या कमी घ्या. गुड फ्रायडेच्या आधी एक सभा फक्त देण्याघेण्यावर घ्या. कुणाचं नाव पुकारू नका, कुणाला लाजवू नका. लूक 19 वाचा, वेळ द्या, आणि सभा संपल्यावर ज्याला ज्याच्या दारात जायचंय त्याला जाऊ द्या.