क्लिंगहॉफर, ज्यूद्वेष आणि 'मराठी बायका' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि तिसऱ्या वाक्यात समोरच्या बाईची अक्कल काढायची, हे तुमच्यासारख्या अभ्यासू वाचकाकडून अपेक्षित नव्हतं. तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, एक रात्र मध्ये जाऊ दिली आणि मगच लिहायला बसले. बाकीच्यांसाठी आधी संदर्भ देते. 1985 मध्ये पॅलेस्टिनी अपहरणकर्त्यांनी एका जहाजावर लिऑन क्लिंगहॉफर या अमेरिकन ज्यू प्रवाशाला मारलं. त्यावरच्या ऑपेराबद्दल मी लेख लिहिला होता आणि ही प्रतिक्रिया त्या लेखावरची. तिचा गोषवारा असा. जॉन अ‍ॅडम्सचा 'द डेथ ऑफ क्लिंगहॉफर' हा ऑपेरा ज्यूद्वेष्टा आहे. त्यात अपहरणकर्त्यांच्या वाट्याला भारदस्त संगीत आलंय आणि ज्यूंच्या वाट्याला घरगुती कुरकुर. खुद्द क्लिंगहॉफर यांच्या मुलींनी त्याचा निषेध केला. आणि शेवटी हे वाक्य : "आयुष्यात एकही ज्यू न भेटलेल्या मराठी बायकांनी यावर मतं मांडू नयेत."

त्या शेवटच्या वाक्याचं आधी बघू. बाकीचं सगळं तुम्ही त्यासाठीच लिहिलंत असं मला वाटतं.

मी अलिबागची. आमचं घर इस्राएल आळीपासून हाकेच्या अंतरावर होतं. आईची सगळ्यात जवळची मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. आम्ही तिला मावशीच म्हणायचो. त्यांच्याकडे मलिदा, म्हणजे नवसाचा किंवा आभाराचा विधी, असला की भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर कापलेली फळं असं झाकलेलं ताट आमच्याकडे यायचं. एलियाहू हन्नाबी हे त्यांच्या प्रेषिताचं नाव मी पहिल्यांदा त्या ताटाबरोबर ऐकलं, अर्थ कळायच्या कितीतरी आधी. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे आणि आळीतल्या म्हाताऱ्या त्यांना अजूनही शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणत. मावशीची मुलं एकेक करून इस्रायलला गेली, मागून तीही गेली. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात माणसांना ज्यू म्हणून मारलं, तेव्हा तिचा आईला फोन आला. दोघी बराच वेळ बोलत होत्या, चक्क अलिबागच्या बोलीत. तुम्ही एका बाजूला 'मराठी बायका' आणि दुसऱ्या बाजूला 'ज्यू' अशी रेघ ओढलीत, तेव्हा मराठी बोलणाऱ्या ज्यू बायका तुमच्या गावीही नव्हत्या. कोकणात त्या पिढ्यानपिढ्या राहिल्या आहेत. ज्यूंच्या बाजूने बोलतोय म्हणणाऱ्या माणसाला एवढं तरी ठाऊक असावं.

आणि समजा, मला एकही ज्यू भेटला नसता. मग? मत मांडायला ओळखपत्र लागतं का? तुम्ही तर नावही दिलेलं नाही.

तुमचं एक म्हणणं मान्य. मुलींची बाजू मी मूळ लेखात एका ओळीत उरकली होती, ती जास्त सविस्तर यायला हवी होती. लिसा आणि इल्सा क्लिंगहॉफर यांनी 1991 मध्ये ब्रुकलिनला हा ऑपेरा स्वतः पाहिला आणि वडिलांच्या खुनाचा असा वापर झाल्याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला. 69 वर्षांच्या, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला 'अकिले लाउरो' जहाजावर गोळ्या घातल्या आणि प्रेत खुर्चीसकट समुद्रात टाकायला लावलं. त्याच्या मुलींना हे रंगमंचावर बघवलं नाही, यावर मी काय बोलणार? तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांचं दुःख खरं आहे म्हणून कलाकृतीचा निकाल लागला, असं होत नाही.

घरगुती कुरकुरीचं म्हणाल, तर तुम्ही ज्या प्रवेशाबद्दल लिहिलंय तो न्यू जर्सीच्या एका ज्यू कुटुंबाचा होता. ब्रुकलिनच्या प्रयोगांनंतर अ‍ॅडम्सनेच तो काढून टाकला. आज ऑपेरा सुरू होतो तो दोन कोरसांनी, एक निर्वासित पॅलेस्टिनींचा आणि एक निर्वासित ज्यूंचा. तीस वर्षांहून जुन्या, गाळलेल्या प्रवेशावरून आजच्या कलाकृतीला फाशी द्यायची असेल तर द्या.

ज्यूद्वेष त्यात आहे, हे मी कधी नाकारलं नाही. तो एका पात्राच्या तोंडी आहे. दुसऱ्या अंकात क्लिंगहॉफर अपहरणकर्त्यांना सरळ सुनावतो. मी कधी मारामारी करणारा माणूस नव्हतो असं सांगत सांगत तो त्यांच्या शौर्याची सालटी काढतो. त्यावर ज्याला 'रॅम्बो' म्हणतात तो अपहरणकर्ता ज्यूंबद्दल जे गरळ ओकतो, ते शतकानुशतकांचं ठरलेलं गरळ आहे. ते ऐकताना प्रेक्षक कुणाच्या बाजूला असतो? नुकताच खुर्चीतला माणूस बोललेला असतो! द्वेष दाखवायचाच नाही म्हटलं, तर त्या माणसाला का मारलं हे सांगणार कसं?

मी हा ऑपेरा 2014 च्या शरदात न्यूयॉर्कला, मेटमध्ये, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेरात, पाहिला. अगदी वरच्या, स्वस्तातल्या जागेवरून, पण पूर्ण पाहिला. क्लिंगहॉफरची बायको मॅरिलिन नवऱ्याच्या आजारपणाबद्दल, दवाखान्यांबद्दल, खुब्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बोलत राहते. नवरा जहाजाच्या दवाखान्यात आहे अशी तिची समजूत आहे. तो केव्हाच गेलाय हे आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. तुम्ही जिला किरकोळ बडबड म्हणता ती ही. मग पाण्यात खाली जाणाऱ्या देहाचं गाणं येतं, फार संथ, आणि ते क्लिंगहॉफरलाच दिलेलं आहे. अखेरचा शब्द मॅरिलिनचा आहे, कॅप्टनला जाब विचारणारा. अपहरणकर्त्यांना शेवट दिलेलाच नाही. भारदस्त संगीत कुणाच्या वाट्याला आलं, ते आता तुम्हीच सांगा.

त्याच वर्षी मेटने जगभरच्या चित्रपटगृहांतलं थेट प्रक्षेपण रद्द केलं. त्यासाठी आग्रह धरणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीग या ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेनेही हा ऑपेरा ज्यूद्वेष्टा नाही असंच म्हटलं होतं. भीती होती ती बाहेर त्याचा गैरवापर होण्याची. मुलींचं निवेदन मेटने कार्यक्रमपत्रिकेत छापलं, तेही योग्यच केलं. म्हणजे प्रक्षेपण बंद पाडणारी संस्थाही जे म्हणाली नाही, ते तुम्ही छातीठोकपणे म्हणताय.

संगीताचे अभ्यासक रिचर्ड टारुस्किन यांच्या या ऑपेरावर टीका करणाऱ्या 2001 च्या लेखाचा तुम्ही जाता जाता उल्लेख केलाय. त्यांचं म्हणणं तुमच्यापेक्षा कितीतरी नेमकं आहे आणि त्यावर मी स्वतंत्र लिहिणार आहे. तिथे जरूर या, वाद घाला, कडक घाला. फक्त 'मराठी बायकांनी' हे पुन्हा आलं तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.