मेंदूतला चमचा आणि मावशीचा प्रश्न

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. काकांना चार वर्षांपासून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, त्यामुळे अवेळी फोन आला की पोटात धस्स होतं. पण काका ठीक होते. मावशी म्हणाली, "चाळीस वर्षं मी त्यांना प्लॅस्टिकच्या डब्यातून पोळीभाजी दिली गं. माझ्याच हातून झालं का हे?"

तिला एक मेसेज आला होता. तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. त्याचा मजकूर साधारण असा: प्रत्येकाच्या मेंदूत चमचाभर प्लॅस्टिक साठलंय, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. आपण दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लॅस्टिक खातो. डिमेन्शिया वाढतोय तो यामुळेच. समुद्री मीठ आजच बंद करा, सैंधव घ्या. आणि शेवटी कुठल्याशा थेंबांची जाहिरात, जे घेतले की म्हणे सगळं प्लॅस्टिक शरीराबाहेर पडतं.

मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. प्लॅस्टिकची ही मोजमापं ज्या जातीच्या यंत्रावर होतात, तसलं यंत्र रोज हाताळते. मावशीला फोनवर जे सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी चमचा. तो हवेतून आलेला नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या मॅथ्यू कॅम्पेन यांच्या गटाचा शोधनिबंध फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१६ आणि २०२४ मधल्या शवविच्छेदनांतून मेंदूच्या पुढच्या भागाचे घेतलेले तुकडे त्यांनी तपासले. २०२४ च्या नमुन्यांत एका ग्रॅममागे सुमारे ४,९०० मायक्रोग्रॅम प्लॅस्टिक मोजलं गेलं, २०१६ च्या जवळपास दीडपट. म्हणजे ग्रॅमला पाच मिलिग्रॅम. मेंदू १,४०० ग्रॅमचा धरला की उत्तर येतं सात ग्रॅम, एका प्लॅस्टिकच्या चमच्याचं वजन. चमचा आला तो या गुणाकारातून. अख्ख्या मेंदूतून प्लॅस्टिक वेगळं काढून कुणी काट्यावर ठेवलेलं नाही.

आणि मूळ मोजणीतच मोठी अडचण आहे. नमुना कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कलीत विरघळवतात. जे विरघळत नाही ते सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे प्रचंड वेगाने गरगरणाऱ्या यंत्रात, फिरवून तळाशी बसवतात. मग तो साका हवा न लागू देता सहाशेएक अंशांपर्यंत तापवतात. तो जळत नाही, तुटतो. तुकडे वायुरूपात पुढे सरकतात आणि स्क्रीनवर एकामागून एक टोकं उठत जातात. आम्ही त्यांना पीक म्हणतो. कुठले पीक आले त्यावरून मूळ पदार्थ ओळखायचा.

आता दुधाची पिशवी डोळ्यांसमोर आणा. पिशवी पॉलिथिनची. पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या मण्यांची हजारो मणी लांब माळ, मण्यामण्याला हायड्रोजन चिकटलेला. पिशवीतल्या दुधावर जी साय धरते, तिच्यातल्या स्निग्धांशाच्याही अशाच माळा असतात, फक्त आखूड, बहुतेक सोळा-अठरा मण्यांच्या. दोन्ही माळा त्या आचेवर तोडल्या की बरेच तुकडे सारखेच पडतात. स्क्रीनवर पिशवी कुठली आणि साय कुठली हे सांगताना अनुभवी माणसालाही घाम फुटतो. मेंदूतलं पाणी वगळलं तर उरलेल्यातला निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध असतो. यकृत आणि मूत्रपिंडाच्या मानाने मेंदूत कितीतरी जास्त प्लॅस्टिक दिसलं, आणि त्यात सगळ्यात जास्त निघालं ते पॉलिथिन. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की शंका येणं साहजिक आहे.

ती शंका माझी एकटीची नाही. लायपझिगच्या हेल्महोल्ट्झ केंद्रातले दुशान मातेरिच यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हा आक्षेप जाहीरपणे घेतला आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी तर या पद्धतीने मानवी नमुन्यांतलं पॉलिथिन आणि पीव्हीसी आज खात्रीने मोजताच येत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यात भर बाहेरून येणाऱ्या प्लॅस्टिकची. आमचा दिवस सुरू होतो तो ब्लँकने, म्हणजे ज्यात काहीही नाही अशा नमुन्याने. तरीही कधीकधी पॉलिथिनचा बारीक पीक डोकं वर काढतो. हवेतून, हातमोज्यांतून, कुठल्याशा झाकणातून तो येतो. ब्लँक स्वच्छ आला नाही तर त्या दिवशीच्या आकड्यांवर मी सही करत नाही. मेंदूत प्लॅस्टिकचा कणही नाही, असं माझं म्हणणं नाही. काही कण पोचत असण्याची शक्यता आहेच. पण सात ग्रॅम हा आकडा आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

क्रेडिट कार्ड त्याहून कच्चं आहे. आठवड्याला पाच ग्रॅम हा आकडा २०१९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेने ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या कामाच्या आधारे जगभर पोचवला. पुढे २०२१ मध्ये त्याच कामाचा शोधनिबंध आला, त्यात पल्ला होता ०.१ ते ५ ग्रॅम. लोकांच्या तोंडी राहिलं ते फक्त वरचं टोक. कण किती हे एका ठिकाणाहून घ्यायचं, एका कणाचं सरासरी वजन दुसरीकडून घ्यायचं आणि गुणायचं, असा तो हिशेब. चार मोठे तुकडे सरासरीत शिरले की वजन कुठच्या कुठे जातं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या वॅगनिंगन विद्यापीठाच्या गटाने कणांच्या आकारांची विभागणी नीट धरून हिशेब मांडला. प्रौढ माणसाच्या पोटात आणि श्वासात दिवसाला सुमारे ८८३ कण जातात, त्यांचं वजन ५८३ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). त्या वेगाने एक कार्ड पोटात जायला तेवीस हजारांहून जास्त वर्षं लागतील.

हाच आकडा ऐंशी वर्षांनी गुणून बघा. आयुष्यभराचं मिळून सतरा मिलिग्रॅम होतं. त्यातला प्रत्येक कण मेंदूत जाऊन बसला, एकही शौचावाटे गेला नाही असं धरलं, तरी सात ग्रॅमचा चमचा त्याच्या चारशेपट भरतो. वॅगनिंगनच्या हिशेबात एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, लहान कण नाहीत आणि आपण खातो तो प्रत्येक पदार्थही नाही, हे मान्य. पण चारशेपट फरक तेवढ्याने भरून निघणं मला फार अवघड वाटतं.

आता मावशीचा प्रश्न. कॅम्पेन यांच्या अभ्यासात डिमेन्शिया झालेल्यांचे मेंदू होते बारा. त्यांत जास्त प्लॅस्टिक दिसलं, हे खरं. पण डिमेन्शियात मेंदू आक्रसतो, रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी सैल पडते, नको असलेलं बाहेर टाकण्याची व्यवस्था मंदावते. म्हणजे आजार आधी आणि साठणं नंतर, असंही असू शकतं. स्वतः संशोधकांनीच निबंधाच्या सारांशात लिहिलंय की यातून फक्त संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेच वाक्य गाळलं, आणि त्यापायी एक पंचाहत्तर वर्षांची बाई रात्र रात्र जागी राहिली. मला याचा संताप येतो.

मावशी, तुझ्या डब्याने हे झालं असं कुठल्याही अभ्यासात दाखवलेलं नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टींची यादी दिली. ती सगळी आटोक्यात आली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. यादीत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, प्रदूषित हवा आहे, कमी ऐकू येणं आहे. काकांचं कानाचं मशीन दोन वर्षं कपाटात पडून आहे. डब्याचा विचार सोड, ते मशीन उद्या दुरुस्तीला दे. निदान आपण बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचेल.

मिठाचं थोडक्यात. मीठात कण असतात. पवईच्या आयआयटीने २०१८ मध्ये भारतीय मीठ तपासलं. रोज पाच ग्रॅम मीठ खाल्लं तर वर्षाला सुमारे ११७ मायक्रोग्रॅम प्लॅस्टिक जातं, असा त्यांचा हिशेब आहे. वाळूच्या साध्या गाळणीने त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त निघतं हेही त्यांनी दाखवलं, म्हणजे उपाय मिठागरात आहे. सैंधवातही कण सापडले आहेत, कमी एवढंच. पण घरात नुसतं सैंधव वापरलं तर आयोडीन मिळणार नाही, आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर ते महागात पडतं.

थेंबांबद्दल तर एकच सांगते. शरीरातलं प्लॅस्टिक नक्की किती, हे मोजण्यावरच अजून वाद चालू आहे. ते थेंबांनी कमी झालं हे मग कुणी कशावर मोजलं? मावशीने दोन बाटल्या घेतल्या होत्या.

"म्हणजे प्लॅस्टिकचं सगळं थोतांडच," असं मात्र यातून कुणी काढू नये. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीतला मेदाचा थर काढलेल्या २५७ रुग्णांचा सुमारे तीन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांच्या थरात प्लॅस्टिक आढळलं त्यांतल्या २० टक्के रुग्णांना पुढे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू आला. ज्यांच्यात आढळलं नाही त्यांत हे प्रमाण ७.५ टक्के होतं. इथेही कारण सिद्ध नाही आणि मोजणीची अडचण तीच आहे. पण रुग्णांचं पुढे काय झालं हे तीन वर्षं पाहून नोंदवलेलं आहे, म्हणून मी हा अभ्यास गांभीर्याने घेते.

टपरीवरचा कागदी कपही मी असाच गांभीर्याने घेते. त्याला आतून पॉलिथिनचा पातळ पापुद्रा असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात ८५ ते ९० अंशांचं १०० मिली पाणी पंधरा मिनिटं अशा कपात ठेवल्यावर सुमारे २५,००० कण उतरले. म्हणून मी टपरीवर काचेचा ग्लास मागते आणि घरी गरम रस्सा पिशवीतून आणत नाही. त्याला खर्च काही नाही.

आणि बंब. आमच्या गावाकडे आजही बंब किंवा चूल पेटवायला दुधाची रिकामी पिशवी घालतात, कारण ती पटकन धरते. त्या धुरात काय आहे हे कळायला मेंदूचा तुकडा कापावा लागत नाही. अर्धवट जळलेल्या प्लॅस्टिकचा तो धूर बंबाशी बसलेल्या बाईच्या छातीत थेट जातो, आणि शेजारी बहुतेक तिचं लेकरू असतं. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर या पिशवीचा पाठवा.