नाव काकूंचं, दुकान तुमचं

इंदुरात राहून कमाईची काळजी करता? म्हणजे तुम्ही अजून दुसऱ्याचं नाव उचललेलं दिसत नाही. समजा, रामबागेतल्या एका काकूंचं मेतकूट पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं आहे. डाळी भाजत, दळत बसायला तुम्ही काय काकू आहात? त्यांचं नाव घ्या, त्याला 'ऑफिशियल' आणि 'इंदूर' चिकटवा आणि डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, नोंदवून टाका. हजारेक रुपयांत परंपरा तुमची.

माल सियागंजच्या घाऊक बाजारातून पोत्यानं उचला. पाकिटावर नऊवारीतल्या कुठल्याही आजीचा फोटो चालतो, पुण्यातल्या गिऱ्हाइकाला काय कळतंय! आणि खाली ठळक अक्षरांत लिहायला विसरू नका: 'आमची कुठेही शाखा नाही.' खोटं तेवढं मराठी दुकानदारीच्या रिवाजाला धरून असावं. मेतकूट खवट निघालं तर शिव्या आपसूक काकूंच्या फोनवर जातात. हा एवढा विभाग मात्र त्यांच्याकडेच राहू द्या.

आता कायद्याची थोडी कटकट. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनं 1999 साली डोमेनची भांडणं मिटवायला यूडीआरपी नावाचं धोरण केलं. काकूंनी तीन गोष्टी सिद्ध केल्या की नाव गेलं: ते त्यांच्या ट्रेडमार्कशी घोळ होण्याइतकं मिळतंजुळतं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते बदनियतीनं नोंदवलं आणि वापरलं. यातला 'आणि' तुमचा मित्र. भारताचं डॉट इन घेऊ नका, तिथल्या नियमांत त्या जागी 'किंवा' आहे. आमच्या इंदुरी भियांनी एवढं बारीक वाचलं असतं तर आज ते वकील असते.

काकूंचा ट्रेडमार्क नोंदवलेलाच नाही म्हणून खूष होऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावालाही पासिंग ऑफचं, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचं, संरक्षण दिलं आहे. नाव बाजारात कमावलेलं असलं की पुरतं.

खरा काकूंचाच माल विकणाऱ्यासाठी यूडीआरपीखालच्याच 2001 च्या ओकी डेटा प्रकरणातून एक वाट निघाली: साइटवर त्यांचाच माल विका, दुसरा ठेवू नका, आपण त्यांचे कोण हे स्पष्ट लिहा आणि त्यांच्या नावाची सगळी डोमेनं बळकावू नका. वाट सरळ आहे, म्हणून आपल्या कामाची नाही. 'आम्ही अधिकृत विक्रेते नाही' असं लिहून कुणी मेतकूट विकलंय का?

काकूंच्या मुलाचा फोन आला की जीभ आवरा. 'दोन लाख टाका, नाव घेऊन जा' असं एकदा व्हॉट्सॲपवर लिहिलंत की तुमची बदनियत तुमच्याच अंगठ्यानं सिद्ध. त्यापेक्षा गप्प बसा. यूडीआरपीची तक्रार आली तर उत्तराला 20 दिवस मिळतात, अनेक जण ते देतच नाहीत. मग एकतर्फी निकाल लागतो, पण तुमच्यासारख्यांना कोर्टकचेरीत घाम गाळायला वेळ कुठे?

काकूंचा खर्च मोजा म्हणजे झोप छान लागेल. अशा तक्रारी चालवणाऱ्या जिनिव्हाच्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे पाच नावांपर्यंत, निवाडा करणाऱ्या एकसदस्यीय पॅनलची फी 1500 डॉलर, वर वकील वेगळा. एवढं करून मिळणार काय, तर नाव परत किंवा रद्द. नुकसानभरपाई एक पैसा नाही. निकालानंतरही दहा कामकाजाचे दिवस नाव तुमच्याच हातात. दिवाळी तोंडावर असेल तर तेवढ्यात ऑर्डरी उरकतील.

इथल्या कोर्टात दावा लागला तर मात्र मनाई हुकूम, हिशेब, भरपाई, सगळंच मागता येतं. म्हणून काकूंचा मुलगा सराफ्यात भेटलाच, तर त्याला भुट्ट्याचा कीस खाऊ घाला आणि जिनिव्हाची तारीफ करत राहा.